पुण्याच्या बातम्या पुण्यातूनच: आकाशवाणीच्या श्रोत्यांना जाहीर आवाहन

पुणेकर श्रोतेहो,

जून 2023 मधली गोष्ट आठवते का? आकाशवाणी पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून त्याचे काम छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा आदेश प्रसार भारतीने काढला होता. पूर्णवेळ अधिकारी उपलब्ध नाही, हे त्याचे कारण. सकाळी सात-दहाच्या बातम्या ऐकत चहा घेणाऱ्या घरांत एकच गलका झाला. वृत्तपत्रांतून टीका झाली, निवेदने गेली आणि एरवी एका व्यासपीठावर न बसणाऱ्या पक्षांच्या नेत्यांनीही एकच मागणी केली. काही दिवसांत केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्र्यांनी निर्णयाला स्थगिती दिली. आपण सुटकेचा निःश्वास टाकला आणि आपापल्या कामाला लागलो.

पण स्थगिती मिळाली म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. कर्मचारी कमी पडले की काम दुसऱ्या शहरात हलवायचे, हा विचार एकदा फाइलवर आला की तो पुन्हा कधीही वर येऊ शकतो. म्हणून नवा आदेश निघण्याची वाट न पाहता, आज सारे सुरळीत असतानाच हे आवाहन करत आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण ती अनेक जाणत्या लोकांनाही ठाऊक नसते. भारतात खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. त्यांना गाणी, गप्पा, वाहतूक, हवामान देता येते; बातम्या द्यायच्याच असतील तर त्या आकाशवाणीच्या, एक शब्दही न बदलता. सामुदायिक रेडिओलाही हाच नियम. वर्तमानपत्रे डझनभर, दूरचित्रवाहिन्या शेकड्याने आणि मोबाइलवर तर प्रत्येक जण वार्ताहर. पण रेडिओपुरते बोलायचे तर बातमीचे दार एकच आहे. ते पुण्यात बंद झाले, तर पुण्याच्या हवेत पुण्याच्या बातमीला जागाच उरत नाही. हा नियम योग्य की अयोग्य, यावर वाद घालता येईल. आमच्या मते तो कालबाह्य आहे. पण तो आहे तोवर आकाशवाणीच्या शिवाजीनगरमधल्या वृत्तकक्षाचे मोल दुपटीने वाढते.

बातमी दुसऱ्या शहरातून वाचली तर बिघडते काय, असे विचारणारे भेटतात. पावसाळ्यात बिघडते. खडकवासल्यातून मुठेत किती क्युसेक पाणी सोडले, बाबा भिडे पूल पाण्याखाली गेला का, सिंहगड रस्त्याच्या कडेच्या सोसायट्यांनी तळमजल्यावरच्या गाड्या हलवायच्या का, हे प्रश्न इथे राहणाऱ्या संपादकाला आपोआप सुचतात. दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर बसलेल्या माणसाला क्युसेकचा आकडा मिळेल. त्या आकड्याला कोणत्या वस्तीत पाणी शिरते, हे त्याला कुणी तरी सांगावे लागेल. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने माणसे वाहून गेली. जुलै 2024 मध्ये एकतानगरीत पाणी शिरले. 12 जुलै 1961 चा पानशेत धरणफुटीचा दिवस तर या शहराच्या हाडामासात आहे. अशा वेळी वीज जाते, मोबाइलची बॅटरी संपते, आणि सुरू असतो त्या मोबाइलवर ‘धरण फुटले’ छापाचे निरोप फिरू लागतात. दोन सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर आणि जबाबदारीने बोलणारा एक ओळखीचा आवाज यांची किंमत तेव्हा कळते. पालखीच्या दिवसांत बंद असणारे रस्ते, गुरुवारची पाणीकपात, मार्केट यार्डातली आवक, विद्यापीठाच्या परीक्षा यांचेही तसेच. बातम्या साध्याच असतात; नसल्या की अडते.

आकाशवाणी पुण्याचा विषय निघाला की आपण सारे गीतरामायणाकडे वळतो. 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झालेल्या या केंद्राने दीड वर्षात, 1 एप्रिल 1955 च्या रामनवमीला, गीतकार गदिमा आणि संगीतकार बाबूजींचे ते पर्व सुरू केले. केंद्रातल्या सीताकांत लाड यांच्या कल्पनेतून आलेली ही मालिका वर्षभर चालली, छप्पन्न गीते झाली. दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊला नवे गीत आणि शनिवार-रविवारी त्याचे पुनःप्रसारण. अभिमान वाटावा असेच आहे ते. पण खरे सांगायचे तर, गीतरामायणाची आठवण काढून डोळे पुसणे हा केंद्रावरच्या प्रेमाचा सर्वांत स्वस्त प्रकार आहे. त्याने आजच्या वृत्तकक्षातली एकही रिकामी खुर्ची भरत नाही.

आम्हाला त्याहून मोलाची वाटते ती पुढच्याच वर्षीची एक घडामोड, जी पुणेकर जवळजवळ विसरले आहेत. 1956 मध्ये युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने एक प्रयोग केला आणि त्यासाठी पुणे केंद्र निवडले. पाच जिल्ह्यांतल्या दीडशे खेड्यांत श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. एकेका मंडळात साधारण वीस माणसे. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्ध्या तासाचा खास कार्यक्रम. असे एकूण वीस कार्यक्रम. गावकरी एकत्र बसून ऐकत, रेडिओ बंद झाल्यावर त्याच विषयावर बोलत, आपल्या गावात काय करता येईल ते ठरवत आणि निमंत्रक सारे लिहून केंद्राकडे पाठवी. त्यांच्या शंकांना पुढच्या कार्यक्रमात उत्तर मिळे. ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्याचे सूत्र होते; कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांवरून ते घेतले होते.

टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचे मूल्यमापन केले, समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ हे त्यात प्रमुख होते. नुसता रेडिओ असलेली गावे, रेडिओही नसलेली गावे आणि मंडळे असलेली गावे यांची तुलना झाली. माहितीत ठळक भर पडली ती मंडळांच्या गावांत. नुसता रेडिओ वाजत ठेवल्याने फारसे घडले नाही. ऐकणारे संघटित होऊन उलट बोलू लागले तेव्हा घडले. पुढे 1959 पासून ही पद्धत देशभर नेली गेली. त्याच काळात व्यंकटेश माडगूळकर या केंद्राच्या ग्रामीण विभागात रुजू झाले. खेड्यातल्या माणसाचे बोलणे ज्याच्या कानात मुरलेले आहे असा लेखक सरकारी खुर्चीत बसला होता, हेही त्या काळाचे भाग्यच.

म्हणजे संघटित श्रोता ही या केंद्राची जुनी कमाई आहे. ती आपण गमावली. का गमावली, याचे एक कारण पैशाच्या व्यवहारात असावे. पूर्वी पोस्टात जाऊन रेडिओचा परवाना काढावा लागे, दरवर्षी शुल्क भरून त्या पुस्तिकेत नोंद करून घ्यावी लागे. वैताग होता, पण पैसे भरणारा माणूस हक्काने तक्रारही करी. ऐंशीच्या दशकात परवाना गेला आणि आपण फुकट ऐकणारे झालो. खरे तर फुकट नव्हेच; प्रसार भारतीचा मोठा खर्च केंद्र सरकारच्या अनुदानातून, म्हणजे आपल्याच करातून भागतो. अमेरिकेत सार्वजनिक रेडिओला श्रोते थेट वर्गणी देतात. 2025 मध्ये तिथल्या काँग्रेसने सरकारी निधी काढून घेतला तेव्हा अनेक केंद्रांना श्रोत्यांच्याच दारी जावे लागले. आपल्याकडे तशी वर्गणीची रीत नाही, आणि आम्ही पैसे मागतही नाही. आम्ही मागतो ते वेळेचे दान.

तर मुद्द्याचे. केंद्राला पत्र लिहा. कार्यक्रम आवडला तर तसे लिहा, आणि मुलाखत पाठ केल्यासारखी झाली, जुनेच ध्वनिमुद्रण तिसऱ्यांदा लागले, बातमीतले गावाचे नाव चुकले, तर तेही लिहा. पाठिंबा म्हणजे आरती ओवाळणे नव्हे. वरच्या कार्यालयात ‘ऐकतो कोण?’ असा प्रश्न विचारला जातो तेव्हा केंद्रातल्या लोकांकडे दाखवायला कागद हवा. तुम्ही कोणत्या भागात राहता, काय काम करता, कोणत्या वेळी ऐकता, एवढे त्यात असू द्या. रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, रिक्षावाले, पोळ्या लाटताना ऐकणाऱ्या मावशी, दृष्टिहीन विद्यार्थी यांच्याकडून कुणी पत्राची अपेक्षा करत नाही. म्हणून त्यांचे म्हणणे लिहून घेऊन पाठवण्याचे काम शेजाऱ्याने करावे.

मुलेबाळे परगावी किंवा परदेशी असतील तर त्यांना न्यूजऑनएअर अॅपवर पुणे केंद्र लावायला सांगा. तिथे ऐकणाऱ्यांची मोजदाद होऊ शकते, ट्रान्झिस्टरची होत नाही. छोट्या व्यावसायिकांनी दिवाळीच्या जाहिरातीतला एक हिस्सा विविध भारतीच्या 101 एफएमसाठी ठेवावा. ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालये आणि गणेश मंडळे यांनी महिन्यातून एक संध्याकाळ एकत्र श्रवणाची ठेवावी, 1956 च्या मंडळांसारखी: आधी ऐकायचे, मग बोलायचे, मग केंद्राला कळवायचे. घरात जुन्या प्रसारणाच्या टेप किंवा कॅसेट असतील तर भंगारात देण्याआधी केंद्राला विचारा. आणि पुण्याच्या खासदारांना, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, वृत्त विभागात कायमस्वरूपी नेमणूक कधी होणार, हे वर्षातून एकदा तरी लेखी विचारा. आज तिथले बरेचसे काम नैमित्तिक तत्त्वावरचे वृत्तनिवेदक आणि संपादक ओढतात. त्यांचे नाव बातमीच्या शेवटी कानावर पडते, तेव्हा तेवढे लक्षात ठेवून पत्रात लिहिलेत तर त्यांनाही बरे वाटेल.

जाता जाता, विद्यापीठाच्या विद्यावाणी या सामुदायिक रेडिओवर, 107.4 वर, बोलायला माणसे लागतात; ज्यांना ऐकण्यापेक्षा बोलण्याची हौस अधिक, त्यांनी तिकडे चौकशी करावी. पुण्यात अशांची वानवा नसावी.

पत्रासाठी पत्ता: आकाशवाणी, विद्यापीठ रस्ता, शिवाजीनगर, पुणे 411005. पाकिटावर ‘प्रादेशिक वृत्त विभागासाठी’ असे ठळक लिहा, आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा.

आपले,
पुण्यातील काही नियमित श्रोते