किती पैसे मिळाले?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय जरा तिखट आहे. नात्यातली निम्मी माणसं हे पान वाचतात हे ठाऊक आहे, तरीही लिहितोय. खरं तर म्हणूनच लिहितोय.

तर झालं असं. जानेवारीत मंद्रूपला हुरड्याला सगळे जमलो होतो. आगटीभोवती पंधरा-वीस माणसं, शेंगाची चटणी, गूळ, दही. पुण्याहून पुतण्या आला होता, सोबत त्याच्या ऑफिसातले दोन मित्र. पोरं चांगली, मोकळी. गप्पांच्या भरात त्यातला एक म्हणाला, "काका, राग मानू नका, पण ख्रिश्चन व्हायला तुमच्या लोकांना किती पैसे मिळाले होते?" मी तोंड उघडायच्या आत पुतण्याच हसत म्हणाला, "पणजोबांना मिळाले असतील, आमच्यापर्यंत काही आलं नाही बुवा!" सगळे हसले. मीही हसलो.

रात्री झोप लागली नाही. प्रश्नाचा राग नव्हता, आपल्या हसण्याचा होता. म्हणून नेहमी कानावर येणारे चार प्रश्न घेऊन बसलोय. उत्तरं त्या मित्रासाठी आहेत, पण त्याहून जास्त आपल्या घरातल्यांसाठी.

पहिला प्रश्न: बायबल म्हणजे इंग्रजांचं पुस्तक ना?

नाही. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत लिहिला गेला, थोडा भाग अरामीत. नवा करार ग्रीकमध्ये. येशू पश्चिम आशियातला यहुदी. इंग्लंडच्या राजाच्या नावाने ओळखलं जाणारं प्रसिद्ध इंग्रजी भाषांतर छापलं गेलं १६११ साली. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांचं मराठी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' गोव्यात छापलं गेलं. स्टीफन्स जन्माने इंग्रज होते हे खरं, पण त्यांनी लिहिलं मराठीत, आणि तेव्हा इथे इंग्रजांचं राज्य नव्हतं. केरळात तर ८४९ सालचा ताम्रपट आहे, त्यात तिथल्या ख्रिस्ती मंडळीला दिलेल्या हक्कांची नोंद आहे. पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या वारल्या, त्याआधी काम पुरं करूनच. आपल्याच तालुक्यात हत्तरसंग कुडलला शके ९४० चा मराठी शिलालेख आहे, त्याचा अभिमान सगळे बाळगतात. ती मराठी आमचीही आहे, उसनी आणलेली नाही.

दुसरा प्रश्न: बायबल बदललं गेलंय म्हणे?

इथे आपली माणसं ताडकन म्हणतात, "एक काना-मात्राही बदललेली नाही." कृपा करून असं म्हणू नका, ते खरं नाही. १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या गुहांमध्ये जुन्या गुंडाळ्या सापडत गेल्या. त्यातली यशया संदेष्ट्याची गुंडाळी तोवर हाताशी असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी निघाली. मजकूर बहुतांशी तोच, पण शब्दांचे बारीकसारीक फरक आहेत. व्यभिचारात धरलेल्या बाईची योहानातली गोष्ट सगळ्यांची आवडती. ती सर्वांत जुन्या प्रतींत नाही, मार्कच्या शेवटच्या बारा ओळीही नाहीत. आजच्या अनेक भाषांतरांत तसं स्पष्ट कळवलेलं असतं. आपण वाचत नाही, हा दोष आपला. हजारो हस्तलिखितं ताडून फरक जगासमोर मांडण्याचं काम बहुतांशी श्रद्धावंतांनीच केलंय. लपवायचं असतं तर ते कशाला केलं असतं?

तिसरा प्रश्न: मग चार शुभवर्तमानांत मेळ का नाही?

योसेफाच्या बापाचं नाव मत्तय याकोब सांगतो, लूक एली सांगतो. जुळवायच्या खटपटी पुष्कळ झाल्या आहेत, मला एकही पूर्ण पटलेली नाही. पण आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना ७२ च्या दुष्काळाबद्दल विचारा. एक खडी फोडायच्या कामाचं सांगेल, दुसरा सुकडीचं, तिसरी दावणीची जनावरं विकल्याचं. कोण कोणत्या कामावर होतं यावर दोघं भांडतीलही. म्हणून दुष्काळ पडलाच नव्हता असं कोणी म्हणतं का? चौघांनी शब्दाला शब्द जुळवून सांगितलं असतं तर उलट मला संशय आला असता. हे सिद्ध करण्याचं साधन नव्हे, बरं का. पुनरुत्थानावर विश्वास ठेवायचा की नाही हे यातून ठरत नाही, तो शेवटी विश्वासच. पण फरक आहेत म्हणून सगळं थोतांड, हा तर्क मात्र लंगडा आहे.

आता चौथा प्रश्न, हुरड्याचा: किती पैसे मिळाले?

आधी खरं ते कबूल करतो. महाराष्ट्रात दुष्काळांच्या वर्षांत पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले. मिशनऱ्यांनी अन्न दिलं, औषध दिलं, शाळा दिली. पोटाचा आणि धर्माचा संबंध नव्हताच असं मी म्हणणार नाही. पण हा प्रश्न विचारणाऱ्याला माझा उलट प्रश्न आहे. वेशीबाहेरच्या माणसाला तेव्हा बाकी कोण आपल्या पंगतीला बसवून जेवू घालत होतं? भाकरी देणाऱ्याचा हेतू तपासायचा तर तपासा, पण भाकरी न देणाऱ्याचाही तपासा.

आणि सगळ्यांनाच मिळालं असंही नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पदरात काय पडलं? घरदार दुरावलं, लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. 'स्मृतिचित्रे' वाचा.

आजचा हिशेबही मांडू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. म्हणजे आज दलित माणूस ख्रिस्ती झाला की मिळण्याऐवजी हातातलं जातं. अन् लोक म्हणतात, पैशासाठी!

म्हणूनच आपल्या नात्यात काहींच्या दाखल्यावर एक धर्म आहे आणि रविवारी पावलं दुसरीकडे वळतात. मी त्यांना ढोंगी म्हणणार नाही. पोराच्या शिक्षणासाठी बापाने गप्प राहणं मला समजतं. पण देवळात जाणाऱ्याची जात कायद्याला दिसते आणि चर्चमध्ये जाणाऱ्याची दिसत नाही, हे मला समजत नाही. गावाला मात्र दोघांचीही दिसते.

आता आपलीही झाडाझडती. आपल्यात लग्न जुळवताना हळूच "मूळचे कोण?" असं विचारलं जातं की नाही? मामी, तुम्हीच सांगा. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावरून गेलं पण जात पुसली नाही, ही आपली लाज आहे. ती दुसऱ्या कोणावर ढकलता येणार नाही. आणि "आम्हीच तेवढे स्वर्गात, बाकी सगळे नरकात" असं शेजाऱ्याला ऐकवणाऱ्यांनी मत्तयाचा पंचविसावा अध्याय पुन्हा काढावा. तिथे न्यायाच्या दिवशी कोणालाही धर्म विचारलेला नाही. भुकेल्याला जेवू घातलंस का, तुरुंगातल्याला भेटलास का, एवढंच विचारलंय.

शेवटी आजोबांबद्दल. पुतण्या, तू त्यांना पाहिलेलं नाहीस. दुसऱ्याच्या शेतावर राबणारा माणूस. चाळिशीपर्यंत अक्षर ओळखत नव्हते. मार्कचं शुभवर्तमान समोर ठेवून, बोटाने एकेक अक्षर लावत वाचायला शिकले, कंदिलाच्या उजेडात. ती प्रत माझ्या कपाटात आहे. पानांच्या उजव्या खालच्या कोपऱ्यांना त्यांच्या अंगठ्याचे काळे डाग आहेत. पहिल्या तीन-चार पानांवर दाट, पुढे विरळ होत जातात. म्हणजे पुढे पुढे पान लवकर उलटायला लागले.

तर किती मिळाले याचं उत्तर हे आहे. त्यांना वाचता यायला लागलं. आणि आपल्याकडे बघून कोणीतरी सरळ बोलतं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. याची किंमत रुपयांत कशी सांगू?

तुझ्या मित्राला माझा नमस्कार सांग. पुढच्या हुरड्याला त्याला परत आण, ती प्रत दाखवीन. त्याला पटलं नाही तरी चालेल, आपण वाद घालू. फक्त त्या वेळी आपण दोघांनी हसायचं नाही. माहीत असेल ते सांगायचं, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं.

असो. फारच लांबलं. ज्यांना राग आला असेल त्यांनी फोन करावा, मी घरीच आहे.