विश्लेषण : फोनवर पाळत होती, हे नागरिकाला कळते कसे?

नागपूरच्या वकिलाला व्हॉट्सअ‍ॅपने सांगितले, राजकीय नेत्याला सत्ताबदलानंतर समजले आणि मुंबईच्या व्यावसायिकाला खटल्याच्या कागदपत्रांतून. सरकारने स्वतःहून कोणालाच कळवले नाही. तसे कळवण्याची सक्ती कायद्यात नाही, आणि खासगीपणाच्या हक्काची खरी अडचण तिथेच आहे.

नागपूरचे प्रकरण काय होते?

नागपूरचे वकील निहालसिंग राठोड हे एल्गार परिषद प्रकरणातील आरोपी अ‍ॅड. सुरेंद्र गडलिंग यांचे वकील. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांना कळवण्यात आले की, त्यांचा फोन ‘पेगासस’ या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचे लक्ष्य होता. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडीओ कॉलमधील त्रुटीचा फायदा घेऊन हे सॉफ्टवेअर फोनमध्ये शिरत असे. कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. जगभरात सुमारे १,४०० आणि भारतात १२१ जण लक्ष्य झाल्याचे व्हॉट्सअ‍ॅपने सांगितले. पेगासस बनवणारी इस्रायलची एनएसओ ही कंपनी आपण फक्त सरकारांनाच सॉफ्टवेअर विकतो असे सांगते. भारत सरकारने मात्र ते विकत घेतले की नाही, याचे थेट उत्तर कधी दिलेले नाही. ‘अनधिकृतपणे पाळत ठेवलेली नाही’ एवढीच सरकारची भूमिका राहिली.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले. पाच फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर आढळले, पण ते पेगाससच आहे असे ठामपणे सांगता आले नाही. सरकारने समितीला सहकार्य केले नाही, असे न्यायालयानेच ऑगस्ट २०२२ मध्ये नमूद केले. दुसरीकडे, व्हॉट्सअ‍ॅपने अमेरिकेत लावलेल्या खटल्यात तेथील न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये एनएसओला दोषी धरले.

नेत्याला कधी कळले?

नाना पटोले २०१६-१७ मध्ये भंडारा-गोंदियाचे भाजप खासदार होते. जुलै २०२१ मध्ये, म्हणजे राज्यात महाविकास आघाडीचे सरकार असताना, त्यांनी विधानसभेत आरोप केला की, त्या काळात आपला फोन ‘अमजद खान’ या नावाने, अमली पदार्थांच्या तपासाचे कारण दाखवून ऐकला जात होता. चौकशी समिती बसली. फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्याच्या तत्कालीन पोलीस आयुक्त रश्मी शुक्ला यांच्यावर पुण्यात गुन्हा दाखल झाला. त्यानंतर सरकार बदलले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. आरोप न्यायालयात सिद्ध झाले नाहीत. पण प्रकरण उजेडात आले ते सरकार बदलल्यामुळे, कायद्यातील कोणत्या तपासणीमुळे नव्हे, हे विसरता येत नाही.

फोन ऐकण्याची परवानगी कोण देते?

केंद्रात केंद्रीय गृहसचिव आणि राज्यात राज्याचे गृहसचिव. पूर्वी हे १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याखाली चालायचे. आता दूरसंचार कायदा २०२३ आणि डिसेंबर २०२४ चे नियम लागू आहेत. आदेश ६० दिवसांचा असतो आणि वाढवत जास्तीत जास्त १८० दिवसांपर्यंत नेता येतो. तातडीच्या वेळी तपास यंत्रणेचा वरिष्ठ अधिकारीही आदेश देऊ शकतो. मात्र सात कामकाजाच्या दिवसांत त्यावर गृहसचिवांची मान्यता घ्यावी लागते. मोबाइल किंवा संगणकातील माहितीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ आहे. त्याखाली केंद्राने डिसेंबर २०१८ मध्ये दहा यंत्रणांना अधिकार दिले.

या साखळीत न्यायाधीश कुठेच नाही.

मग तपासणी कोण करते?

सचिवांचीच समिती. राज्यात मुख्य सचिव तिचे अध्यक्ष असतात. गृहसचिवांनी दिलेले आदेश योग्य आहेत का, हे त्यांचेच सहकारी दोन महिन्यांतून एकदा पाहतात. २०१३ मध्ये माहिती अधिकारातून समोर आले होते की, एकटे केंद्र सरकार महिन्याला ७,५०० ते ९,००० आदेश काढते. म्हणजे एका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात हे काम अवास्तव असल्याचे म्हटले होते. एवढ्या फायलींत खोट्या नावाची एखादी फाईल असली, तर ती सापडणार कशी?

न्यायालयात दाद मिळते का?

मिळते, पण आधी पाळतीची माहिती हवी. पुट्टस्वामी खटल्यात ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पाळतीला कायद्याचा आधार हवा, हेतू योग्य हवा आणि ती गरजेपुरतीच हवी, अशा कसोट्या आल्या. त्यांच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये लाचखोरीच्या एका प्रकरणातील तीन आदेश रद्द केले आणि संभाषणाच्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. त्या व्यावसायिकाला आदेशांची माहिती मिळाली, कारण सीबीआयने ते संभाषण खटल्यात पुरावा म्हणून आणले होते. ज्याच्यावर खटलाच होत नाही, त्याला काहीच कळत नाही आणि तो न्यायालयातही जाऊ शकत नाही. निर्दोष माणूस इथे आरोपीपेक्षा जास्त अंधारात राहतो.

कॅमेऱ्यांना हे नियम लागू होतात का?

नाही. फोनसाठी निदान एक लेखी आदेश लागतो, रस्त्यावरील कॅमेऱ्याला तोही लागत नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये नागपुरात ‘मार्व्हल’ ही पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारी कंपनी स्थापन केली. तिचा उपयोग दिसलाही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये, रक्षाबंधनाच्या दिवशी देवलापार हद्दीत ट्रकच्या धडकेत एका महिलेचा मृत्यू झाला. ट्रकवर लाल खुणा होत्या, एवढेच पतीला आठवत होते. टोल नाक्यांवरील चित्रण या तंत्राने तपासून पोलिसांनी सुमारे ३६ तासांत ट्रक शोधला.

पण जे तंत्र ट्रक शोधते, ते मोर्चातील चेहराही शोधू शकते. चेहरा ओळखण्याच्या तंत्रासाठी देशात स्वतंत्र कायदा नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला. पण देशाची सुरक्षा व सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी सरकार ठरावीक यंत्रणांना त्यातून पूर्ण सूट देऊ शकते.

इतर देशांत काय आहे?

अमेरिकेत गुन्ह्याच्या तपासासाठी फोन ऐकायचा तर न्यायाधीशाचा आदेश लागतो. पाळत संपल्यावर साधारण ९० दिवसांत संबंधिताला कळवावे लागते, तपासाला धोका असेल तर मुदत वाढते. ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्यापासून मंत्र्याच्या आदेशाला न्यायिक आयुक्ताची मान्यता लागते. या दोन्ही देशांत पोलिसांचे काम थांबलेले नाही.

वाचकांनी काय करावे?

फोनची प्रणाली आणि अ‍ॅप वेळेवर अपडेट करावीत, अनोळखी लिंक उघडू नये. व्हॉट्सअ‍ॅप किंवा अ‍ॅपलकडून पाळतीचा इशारा आला, तर तो खरा आहे का हे अधिकृत संकेतस्थळावर तपासावे आणि फोन ‘रीसेट’ करण्याआधी जाणकाराला दाखवावा, अन्यथा पुरावाच पुसला जातो. त्याने चोरीछुपे आलेले सॉफ्टवेअर काही प्रमाणात अडेल. मोबाइल कंपनीकडूनच ऐकला जाणारा कॉल मात्र फोनवर कळत नाही. त्यासाठी कायद्यात दोन बदल लागतील : आदेशावर न्यायाधीशाची नजर आणि पाळत संपल्यावर संबंधिताला एक पत्र.