रिंगमधली झेप आणि मल्लखांबाची उसनी वंशावळ

१/ दोन चित्रफिती शेजारी लावल्या जातात. एकीत मल्लखांबावर उलटा झालेला खेळाडू, दुसरीत दोरावरून प्रतिस्पर्ध्यावर झेपावणारा मुखवटाधारी मेक्सिकन मल्ल. खाली एकच ओळ: 'हे मुळात आपलेच!' हा दावा निराधार आहे आणि त्यात सर्वाधिक नुकसान मल्लखांबाचेच होते. #धागा 👇

२/ मल्लखांबाला प्राचीनतेची उणीव नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मल्लांची वर्गवारी, आहार आणि व्यायाम यांचे वर्णन आहे. त्यात खांबावरील व्यायामही येतो. मराठवाडा तेव्हा याच राजवटीचा भाग होता. या वारशाला मेक्सिकोच्या साक्षीची गरज नाही.

३/ पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी ही विद्या नव्याने उभी केली. परंपरा सांगते की, निजामाच्या राज्यातील अली आणि गुलाब या मल्लांचे आव्हान स्वीकारण्यासाठी त्यांनी तयारी केली ती खांबावर. आजचे छत्रपती संभाजीनगर १७६३ पर्यंत त्याच राज्याची राजधानी होते.

४/ कथेतील अद्भुत भाग वगळला तरी सार उरते: खांब हे कुस्तीच्या तयारीचे साधन होते. सागवानी किंवा शिसवी खांब, त्याचे अंग, मान आणि बोंड, वर एरंडेल तेलाचा हात. निसटू पाहणाऱ्या खांबाला मांड्यांनी आवळून धरणे हा त्याचा पहिला धडा. खांब पकड शिकवतो.

५/ येथे शब्द फसवतो. मल्लखांबात 'साधी उडी' आहे, 'दसरंग' आहे. परंतु या उडीत खेळाडू हातांनी खांब धरून पाय वर फेकतो आणि पायांची पकड घेतो. रिंगमधल्या झेपेत मल्ल आधार सोडून हवेत जातो. एकीचे मर्म धरण्यात, दुसरीचे सोडण्यात. नाव एक असले म्हणून कूळ एक ठरत नाही.

६/ मातीच्या हौद्यात झेप का रुजली नाही? कारण नियम. ज्याची पाठ मातीला लागली तो चितपट. ज्याने स्वतःहून पाय सोडले त्याने आपली पाठ प्रतिस्पर्ध्याच्या हवाली केली. म्हणूनच धोबीपछाडीत हवेत जातो तो समोरचा. डाव टाकणाऱ्याचे पाय जमिनीशी इमान राखून असतात. शिवाय हौद्याला ना खांब, ना दोर.

७/ रिंगची रचना याच्या उलट. चार कोपऱ्यांना खांब, त्यांना बांधलेले दोर, खाली किंचित दबणारी फळ्यांची जमीन. चढायला जागा आहे आणि पडायला सवलत आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खाली झेलणारा आहे. झेप घेणाऱ्याचे प्राण त्याच्या हातात असतात. हा संगनमताचा खेळ आहे, वैराचा नव्हे.

८/ कालक्रमही पाहावा. अमेरिकेत हवेत उडून दोन्ही पायांनी मारण्याच्या 'ड्रॉपकिक'चे श्रेय जो सावोल्डी आणि एब कोलमन या दोघांनाही दिले जाते. मेक्सिकोत साल्व्हादोर लुत्तेरोथ यांनी १९३३ मध्ये व्यावसायिक कुस्तीची संस्था उभी केली. मुखवटे आणि झेपा यांची 'लुचा लिब्रे' तेथे बहरली ती तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर.

९/ खरा दुवा कसा असतो? सातोरू सायामा हा जपानी मल्ल आधी मेक्सिकोत आणि इंग्लंडमध्ये लढला. २३ एप्रिल १९८१ रोजी तो 'टायगर मास्क' म्हणून टोकियोत उतरला. येथे व्यक्ती आहे, प्रवास आहे, तारीख आहे. मल्लखांब आणि मेक्सिको यांच्यामध्ये असे काय दाखवले जाते? केवळ दोन चित्रफिती.

१०/ यावर १९३६ चे बर्लिन पुढे केले जाते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, हे गौरवास्पद आहेच. पण लुत्तेरोथ यांची संस्था त्याआधी तीन वर्षांची होती. आणि बर्लिनमध्ये प्रात्यक्षिक दाखवणे म्हणजे मेक्सिकोत शिष्यपरंपरा स्थापन करणे नव्हे.

११/ दुसऱ्या टोकाला 'ते सगळे खोटे' म्हणणारे आहेत. उस्मानपुऱ्यातील संत एकनाथ रंगमंदिरात नाटक पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक 'नट मेलाच नाही, फसवणूक झाली' अशी तक्रार करीत नाही. रिंगमधला निकाल ठरलेला असतो. पडणे मात्र खरे असते. मणक्याला पटकथा कळत नाही.

१२/ हे दोन्ही पक्ष वरवर विरोधी, पण त्यांचा दोष एकच: झेपेकडे ती ज्या मंचावर जन्मली त्या मंचाविना पाहणे. त्याची किंमत मुले मोजतात. 'आपल्या रक्तातच आहे' किंवा 'सगळे खोटेच आहे', यांपैकी काहीही मनात धरून गच्चीच्या कठड्यावरून उडी घेतली, तर खाली ना दबणारी फळी असते, ना झेलणारा जोडीदार.

१३/ रिंगच्या इतिहासात आपला वाटा शोधायचाच असेल तर तो मुंबईत आहे. दारा सिंग आणि किंग काँग यांच्या 'फ्रीस्टाइल' लढती. १९६८ मध्ये मुंबईतच दारा सिंग यांनी लू थेझला हरवले, ती लढत. त्या काळच्या जाहिराती, तिकिटे, वृत्तपत्रांची कात्रणे गोळा करणे हे खरे काम. त्यात कष्ट आहेत, म्हणून ते कोणी पुढे पाठवत नाही.

१४/ मल्लखांबाने शतकानुशतके मल्लाला धरून राहायला शिकवले. ज्या झेपेचा त्याने कधी दावा केला नाही, तिचे पितृत्व त्याच्यावर लादणे हा त्याचा सन्मान नव्हे. ज्याला स्वतःचे घर आहे त्याने दुसऱ्याच्या दारावर आपली पाटी लावू नये.