टीव्ही सुरू होत नाही? आधी लक्षणे ओळखा

संध्याकाळचे सात वाजतात. आजी ठरल्या वेळी खुर्चीत येऊन बसतात, रिमोटचे बटण दाबतात. पण पडदा काळाच! सूनबाई प्लग काढून पुन्हा लावतात, नातू संचाच्या पाठीवर थाप मारतो. पाच-दहा मिनिटांनी टीव्ही सुरू होतो आणि सगळे बिघाड विसरून जातात. दहा-बारा वर्षे वापरलेला संच असेल तर हे दृश्य अनेक घरांत दिसते. मग एके दिवशी तो सुरूच होत नाही आणि ‘पॅनेल गेले, आता नवाच घ्या,’ असा सल्ला मिळतो. हा सल्ला प्रत्येक वेळी खरा असतोच असे नाही. संच न उघडताही दोष कुठे आहे, याचा बराच अंदाज घरच्या घरी घेता येतो.

दिवा लागत नसेल तर

प्रथम संचावरचा छोटा दिवा पाहावा. तो लागत नसेल तर त्याच सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावून वीज येते का, ते तपासावे. एक्स्टेंशन बोर्ड बाजूला ठेवून प्लग थेट भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावावा. प्लग काळवंडला असेल किंवा जळका वास येत असेल तर पुढे प्रयत्न करू नये. संचाच्या खाली किंवा बाजूला मुख्य बटण असते, तेही पाहावे. साफसफाईत ते चुकून बंद होते.

दिवा लागतो, संच नाही

दोष रिमोटचाही असू शकतो. मोबाईलचा सेल्फी कॅमेरा सुरू करून रिमोटचे टोक त्यासमोर धरावे व बटण दाबावे. कॅमेऱ्यात ठिपका चमकला तर रिमोट बहुधा ठीक आहे. संचावरचे बटण दाबूनही पाहावे. दिवा लुकलुकत असेल तर किती वेळा लुकलुकून थांबतो, ते मोजून लिहून ठेवावे. अनेक संचांत ही दोषाची खूण असते.

बोधचिन्ह दिसून संच पुन्हा पुन्हा बंद होत असेल तर पेन ड्राइव्ह व इतर जोडण्या काढाव्यात, प्लग काढून पाच मिनिटे थांबावे आणि मग सुरू करावे.

उशिरा सुरू होणे

आजींच्या टीव्हीसारखा संच रोज जास्त वेळ घेत असेल तर वीजपुरवठ्याच्या भागातील कपॅसिटर हे नेहमीचे कारण असते. उष्णतेने ते आतून सुकतात, कधी त्यांचे तोंड फुगते. हा भाग स्वस्त असतो. मात्र संच बंदच करायचा नाही, हा उपाय नव्हे. दोष वाढतच जातो.

आवाज आहे, चित्र नाही

खोलीत अंधार करून, टीव्ही चालू ठेवून पडद्यावर तिरकी बॅटरी मारावी. अंधुक चित्र हलताना दिसले तर पॅनेल चालू आहे, फक्त त्यामागचा प्रकाश गेला आहे. एलईडी संचात दिवे एका माळेत जोडलेले असतात. एक गेला तरी सारी माळ विझू शकते. ही दुरुस्ती होऊ शकते. ‘पॅनेल गेले’ म्हणणाऱ्याला ही गोष्ट जरूर सांगावी.

जुन्या पिक्चर ट्यूबच्या संचात पडद्यावर फक्त एक आडवी पांढरी रेघ दिसली तर तो लगेच बंद करावा, नाहीतर पडद्यावर कायमचा डाग पडतो.

मागचे झाकण उघडू नये

घरातील वीज 230 व्होल्टची असली तरी संचाच्या आत सुमारे 325 व्होल्टचा साठा होतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. पिक्चर ट्यूबच्या संचात तर 20 हजारांहून अधिक व्होल्ट असतात. फ्यूजच्या जागी तार लावणे म्हणजे आगीला आमंत्रण! विजा चमकू लागण्याआधीच प्लगबरोबर केबलची वायरही काढून ठेवावी.

मेकॅनिकला ‘टीव्ही बिघडला’ एवढेच न सांगता दिवा, आवाज आणि पडदा यांची लक्षणे सांगावीत. खर्चाचा अंदाज आधी विचारावा, बदललेला जुना भाग परत मागावा. दुरुस्ती नव्या संचाच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर मात्र जुन्याचा मोह सोडावा. तो भंगारात न देता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावा. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते.

एवढी काळजी घेतली, तर कदाचित थोडक्या खर्चात आजींची सातची मालिका पुन्हा वेळेवर सुरू होईल.