नवी हार्ड डिस्क, निकाहाचे फोटो

नवी वस्तू भरवशाची, असे आपण घरात धरून चालतो. हार्ड डिस्कचे तसे नाही. कारखान्यातून बारीक दोष घेऊन आलेली डिस्क बहुधा पहिल्या काही महिन्यांतच दगा देते. म्हणून भायखळ्याहून लॅमिंग्टन रोडला जाऊन नवी आणली, निकाहाचे फोटो नि दादाजानचा आवाज तिच्यात भरला, की लगेच जुनी पुसू नका. निदान चार-सहा महिने दोन्हीकडे राहू द्या. टकटक आवाज आला तर डिस्क तिथेच बंद करा. पुन्हा पुन्हा लावून पाहण्याने असेल तेही जाते.

वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतले फोटो नव्हे. शिवाय बिघडलेली डिस्क परत दिली की घरातल्या बायकांचे फोटोही परक्या हाती जातात. तसे फोटो असतील तर पैसे गेले तरी चालतील, डिस्क देऊ नये, असे आम्हाला वाटते.

बिल मात्र पक्केच घ्या. दुकानदार दाद देईना तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९ च्या कायद्याने आता राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते, मुदत दोन वर्षे.