विश्लेषण : विज्ञानपटांची पोस्टर आता रंगवतो कोण?

जाड कोट घातलेला एक माणूस बर्फात उभा आहे. टोपीच्या आत चेहरा असायला हवा, तिथून फक्त प्रकाशाची टोकदार किरणे बाहेर पडताहेत. जॉन कारपेंटर यांच्या ‘द थिंग’चे (१९८२) हे पोस्टर एका रात्रीत तयार झाले. फोन आला तेव्हा चित्रकार ड्रू स्ट्रूझन यांच्याकडे चित्रपटाचे एकही छायाचित्र नव्हते. त्यांनी स्वतःच कोट चढवला, पत्नीकडून पोलरॉइड फोटो काढून घेतले आणि रात्रभर रंगवत बसले. सकाळी चित्र न्यायला माणूस आला तेव्हा रंग ओलाच होता.

‘बॅक टू द फ्युचर’ आणि ‘स्टार वॉर्स’ मालिकांच्या पोस्टरमुळे जगभर पोहोचलेले स्ट्रूझन १३ ऑक्टोबर २०२५ रोजी वयाच्या ७८व्या वर्षी गेले. नेमक्या याच काळात कृत्रिम बुद्धिमत्तेने (एआय) बनवलेल्या पोस्टरवरून हॉलीवूडमध्ये वाद सुरू आहेत.

सुरुवात कुठून झाली?

फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) आणि हाइन्झ शुल्झ-नॉयडाम यांनी केलेले त्याचे पोस्टर. आकाशाला भिडणारे शहर आणि समोर यंत्रस्त्रीचा निर्विकार चेहरा. या पोस्टरच्या जेमतेम चार प्रती ज्ञात आहेत आणि त्यातली एक न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे आहे. २००५ मध्ये एक प्रत ६ लाख ९० हजार डॉलरना विकली गेली. जे भिंतीवर चिकटवून महिनाभरात फाडून टाकण्यासाठी छापले, त्याला ही किंमत आली.

पोस्टरमध्ये दाखवलेले चित्रपटात असायचे का?

बऱ्याचदा नाही. ‘अटॅक ऑफ द फिफ्टी फूट वुमन’च्या (१९५८) पोस्टरवर अवाढव्य स्त्री महामार्गावर पाय फाकवून उभी आहे आणि गाड्या खेळण्यासारख्या उचलते आहे. रेनॉल्ड ब्राउन यांचे हे चित्र प्रचंड गाजले, पण असा प्रसंग चित्रपटात नाही. जेमतेम बजेटमध्ये तो चित्रित होणेही शक्य नव्हते. ‘फॉरबिडन प्लॅनेट’च्या (१९५६) पोस्टरवर रॉबी हा रोबो बेशुद्ध तरुणीला हातांवर घेऊन येताना दिसतो. प्रत्यक्ष चित्रपटात तो उचलून आणतो जखमी डॉक्टरला, आणि रॉबी तर अगदी आज्ञाधारक, सज्जन यंत्र आहे! कॅमेऱ्याला जे परवडत नव्हते ते कुंचला फुकटात दाखवत होता आणि प्रेक्षक त्याच आशेने तिकीट काढत होता.

‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ने (१९६८) हा सूर बदलला. रॉबर्ट मॅकॉल यांच्या चित्रात राक्षस नाही, किंकाळी नाही. अंतराळस्थानकातून बाहेर पडणारे यान आहे आणि ते खरे वाटते. मॅकॉल नासासाठीही चित्रे काढत. पोलंडमध्ये त्याच सुमारास वेगळीच परंपरा बहरली होती. वितरण सरकारी असल्याने नटांचे चेहरे छापण्याची सक्ती नव्हती. आंद्रेय बेर्त्रान्त यांचे ‘सोलारिस’चे पोस्टर त्यातलेच.

सुवर्णकाळ कोणता?

१९७७ ते १९८५ ही वर्षे. ‘एलियन’च्या (१९७९) पोस्टरवर काळोखात तडकलेले एक अंडे आणि अंतराळात तुमची किंकाळी कुणालाही ऐकू जात नाही अशा अर्थाची एक ओळ, बस्स. ‘ई. टी.’साठी (१९८२) जॉन अल्विन यांनी मायकेलअँजेलोचे आदमच्या निर्मितीचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून दोन बोटांचा स्पर्श रंगवला. त्यातल्या मानवी हातासाठी त्यांच्या लहान मुलीचा हात कामी आला.

‘स्टार वॉर्स’च्या १९७८ मधील पोस्टरची गोष्ट तर अडचणीतून सुचलेल्या कल्पनेची. स्ट्रूझन आणि चार्ल्स व्हाइट यांचे चित्र झाले, पण श्रेयनामावलीला जागा पुरेना. मग त्यांनी लाकडी फळ्या आणि त्यांवर चिकटवलेले, कडा फाटलेले जुने पोस्टर असे चित्रच रंगवले. पोस्टरच्या आत पोस्टर आले आणि नावांनाही जागा झाली.

स्ट्रूझन यांची पद्धत वेळखाऊ नव्हती, पण हाताचा कस पाहणारी होती. जेसो लावलेल्या बोर्डावर रेखाटन, त्यावर एअरब्रशने अ‍ॅक्रिलिक रंग आणि शेवटी रंगीत पेन्सिलींचे बारीक काम.

कुंचला मागे का पडला?

फोटोशॉप १९९० मध्ये आले हे एक कारण. दुसरे कारण स्टुडिओच्या हिशेबाचे. रंगवलेल्या चित्रात नायकाचा चेहरा डावीकडे सरकवायचा तर पुन्हा रंगवावे लागते, संगणकावर ते मिनिटाभराचे काम. एकाच चित्रपटासाठी होर्डिंग, बसथांबा आणि मोबाइल अशा प्रत्येक आकाराचे पोस्टर लागू लागले. मोबाइलवर तर ते अंगठ्याच्या नखाएवढे दिसते. मग निळसर-नारिंगी रंगात तरंगणाऱ्या चेहऱ्यांची गर्दी उरली. स्ट्रूझन यांनी २००८ मध्ये निवृत्ती जाहीर केली. मुंबईतही वेगळे घडले नाही. ‘दीवार’चे पोस्टर रंगवणाऱ्या दिवाकर करकरे यांच्या पिढीची कला फ्लेक्स आणि डिजिटल छपाईने मागे सारली.

दोष संगणकाला देऊन चालणार नाही. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चे (२०१६) पोस्टर काइल लॅम्बर्ट यांनी डिजिटल पद्धतीनेच रंगवले आणि ते थेट ऐंशीच्या दशकातले वाटते.

एआयवरून वाद कशाचा?

‘सिव्हिल वॉर’ (२०२४) या चित्रपटासाठी ए२४ कंपनीने उद्ध्वस्त अमेरिकी शहरांची एआय चित्रे इन्स्टाग्रामवर टाकली. शिकागोतील मरिना सिटीचे जुळे मनोरे प्रत्यक्षात शेजारी-शेजारी आहेत, चित्रात ते नदीच्या दोन काठांवर होते. हे प्रसंग चित्रपटात नाहीत, अशीही टीका झाली. ही दुसरी तक्रार फारशी टिकत नाही. ब्राउन यांनी १९५८ मध्ये तेच केले होते. मात्र ब्राउन यांची थाप एका माणसाने जाणूनबुजून मारलेली होती, मनोऱ्यांची चूक कुणीच केलेली नाही.

आता संशय सगळ्यांवरच येतो. ‘द फँटॅस्टिक फोर : फर्स्ट स्टेप्स’च्या (२०२५) पोस्टरवरील गर्दीत चार बोटांचा हात दिसताच आरोप सुरू झाले. एआय वापरले नाही, असा खुलासा मार्व्हलला करावा लागला.

खरा फटका नवख्यांना बसणार आहे. स्ट्रूझन यांना पहिली कामे संगीताच्या अल्बमची मिळाली, नंतर ‘फूड ऑफ द गॉड्स’ (१९७६) आणि ‘एम्पायर ऑफ द अँट्स’ (१९७७) असे राक्षसी उंदीर-मुंग्यांचे स्वस्त चित्रपट. एआयकडे सर्वात आधी जाणारी कामे हीच. शिडीची खालची पायरीच काढून घेतली, तर वर कोण चढणार?

कायदा काय म्हणतो?

जून २०२५ मध्ये डिस्ने आणि युनिव्हर्सल यांनी मिडजर्नी या एआय कंपनीवर दावा दाखल केला. डार्थ व्हेडरसारख्या आमच्या पात्रांची नक्कल केली जाते, अशी त्यांची तक्रार आहे. त्याआधी जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने स्पष्ट केले होते की, केवळ लेखी सूचना देऊन एआयकडून काढून घेतलेल्या चित्रावर स्वामित्वहक्क मिळत नाही, त्यात माणसाची निर्मिती दिसायला हवी. स्टुडिओंसाठी हा मुद्दा कलाप्रेमापेक्षा जास्त वजनाचा ठरू शकतो. पोस्टरमधून टी-शर्ट, मग आणि कॅलेंडरचा धंदा चालतो. ज्या चित्रावर स्वामित्वहक्कच नाही, ते छापून विकणाऱ्या तिऱ्हाईताला अडवणे अवघड आहे.