चाळणी गुणांची कीं थैलीची?

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनीं १९ सप्टेंबर २०२५ रोजीं एक जाहीरनामा काढून असें ठरविलें कीं, परदेशांतील कुशल माणसास 'एच-वन-बी' परवान्यावर नव्यानें बोलावूं पाहणाऱ्या मालकानें माणशीं एक लाख डॉलर, म्हणजे तेव्हांच्या भावानें सुमारें ८८ लाख रुपये, सरकारांत भरावेत. अंमल २१ तारखेपासून; आमच्याकडे ती सर्वपित्री अमावास्या होती. ही पट्टी दरसालची कीं एकदांची, जुन्या परवानेवाल्यांस लागू कीं नाहीं, याविषयीं पहिल्या दिवशीं तेथील मंत्र्यानें एक सांगितलें व दुसऱ्या दिवशीं सरकारी खुलासा निराळाच निघाला. सुटीवर घरीं आलेल्या मुलांची परतीच्या तिकिटासाठीं जी धांवपळ झाली ती वाचकांस आठवत असेलच.

त्या धांवपळीबद्दल आम्हांस येथें लिहावयाचें नाहीं. या बातमीवर आमच्याच देशांत ज्यांनीं टाळ्या पिटल्या त्यांच्याविषयीं लिहावयाचें आहे. नीति आयोगाचे माजी मुख्य कार्यकारी अधिकारी श्री. अमिताभ कांत यांनीं तत्काळ असा अभिप्राय दिला कीं, अमेरिकेनें दार लावून घेतल्यामुळें पुढच्या प्रयोगशाळा व नवे उद्योग बंगळूर, हैदराबाद, पुणें, गुडगांव येथें येतील. तिचें नुकसान तो आपला लाभ. मग हाच सूर व्याख्यानांतून, लेखांतून, आणि गंमत अशी कीं, ज्यांचीं स्वतःचीं मुलें पूर्वींच तिकडे स्थायिक झालीं आहेत अशा सद्गृहस्थांच्या दिवाणखान्यांतूनही ऐकूं येऊं लागला. "बरें झालें, आतां बुद्धि घरीं राहील!" वरील यादींत जळगांव नाहीं, धुळें नाहीं, ही गोष्ट भडगांवांत बसून वाचणाऱ्याच्या नजरेंत प्रथम भरते.

अमेरिकेनें आपलें दार कोणास उघडावें हा तिचा प्रश्न आहे, हें आम्ही कबूल करतों. तसें करणें आम्हांस भागच आहे. कारण उद्योगांतील ८० टक्के जागा स्थानिकांस मिळाव्यात हें महाराष्ट्र सरकारचें धोरण १९६८ पासून कागदावर आहे, व त्यास आमच्यांतील बहुतेकांनीं माना डोलविल्या आहेत. हरियाणानें तर ७५ टक्क्यांचा कायदाच केला होता. तो उच्च न्यायालयानें २०२३ सालीं रद्द ठरविला. जो न्याय आपण बिहारच्या मजुरास लावूं पाहतों, तोच आपल्या अभियंत्यास कोणी लावला म्हणून आकाशपाताळ एक करणें शोभत नाहीं. तेव्हां दाराचा वाद सोडून देऊं. आमचा आक्षेप आहे तो चाळणीवर.

पूर्वीं ही चाळणी कातडीच्या रंगाची होती. १९१७ च्या कायद्यानें हिंदी माणसास तेथें मज्जाव झाला. १९२३ सालीं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें, हिंदी माणूस गोरा नव्हे म्हणून त्यास नागरिक होतां येत नाहीं, असा निकाल दिला. १९४६ सालीं दार किलकिलें झालें तें वर्षास १०० माणसांपुरतें. १९६५ च्या कायद्यानें ती चाळणी मोडली, आणि १९९० च्या कायद्यानें हल्लींचा एच-वन-बी परवाना आला. त्याच १९९० सालीं जळगांवास विद्यापीठ स्थापन झालें. खानदेशच्या पोरानें घराजवळ पदवी घ्यावी, पुण्याच्या एखाद्या संगणक-कंपनींत चार वर्षें घासावीं, आणि कंपनीनेंच आपल्या खर्चानें त्यास तिकडे धाडावें, अशी एक वाट त्यानंतरच्या काळांत पडली. तिला बापाची थैली लागत नव्हती. वर्षाच्या जागा ८५ हजार, आणि २०२६ च्या आर्थिक वर्षासाठीं ग्राह्य नोंदी झाल्या सुमारें ३ लाख ४४ हजार. म्हणून सोडत काढीत. सोडत आंधळी होती खरी; पण तेथील उच्च पदवीधरांच्या २० हजार राखीव जागा सोडल्या तर तिला भडगांव आणि बॉस्टन यांतला भेद दिसत नव्हता.

आतां नवी व्यवस्था पहा. २० ऑक्टोबर २०२५ च्या सरकारी खुलाशांत असें सांगण्यांत आलें कीं, जो अगोदरच विद्यार्थी म्हणून अमेरिकेंत राहतो व तेथेंच आपला दर्जा बदलून घेतो, त्याच्या मालकास हे लाख डॉलर पडणार नाहींत. पडणार ते भारतांत बसलेल्याच्या मालकास. गुण तोच, काम तेंच. फरक इतकाच कीं, एकाच्या बापास चाळीस-पन्नास लाख खर्चून मुलाला तिकडे शिकवितां आलें, दुसऱ्याच्या बापास तें जमलें नाहीं. पुढें डिसेंबरांत दुसरा नियम निघाला : २०२६ पासून सोडतींत सर्वांत वरच्या वेतनश्रेणीच्या माणसाचें नांव चार वेळां घालावयाचें, तळच्या श्रेणीच्याचें एकदांच. अनुभवाचा मान म्हणून याचें समर्थन करतां येईल. परंतु नुकताच शिकून बाहेर पडलेला, कर्ज डोक्यावर असलेला मुलगा बहुधा तळाशींच असतो. पहिला नियम म्हणतो, येथें येऊन शीक; दुसरा म्हणतो, शिकलास तरी मागें उभा रहा. आणि या व्यवस्थेस गुणांची पारख असें नांव आहे!

भडगांवच्या घरांत याचा अर्थ काय होतो? शिक्षणकर्ज साडेसात लाखांवर गेलें कीं सरकारी बँक तारण मागते. शेतजमीन तारण घेण्यास ती सहसा राजी नसते. म्हणून गिरणेकांठीं केळीची बाग असली तरी गांवांतलें राहतें घर लिहून द्यावें लागतें. अभ्यास संपून वर्ष झालें कीं हप्ता सुरू होतो. परवाना मिळाला कीं नाहीं, हें बँक विचारीत नाहीं. केळीच्या आणि कापसाच्या भावावर डाव लावणें आमच्या शेतकऱ्यास नवें नाहीं, पण तेथें निदान पीक डोळ्यांसमोर उभें असतें.

परत येणारे येथें राष्ट्र उभारतील, या म्हणण्यास कोणी डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा दाखला देतील. केतकर १९०६ सालीं अमेरिकेस गेले, कॉर्नेलची डॉक्टरेट घेऊन परतले व 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड त्यांनीं सिद्धीस नेले, हें खरें. परंतु ते आपण होऊन परतले, आणि ज्ञानकोशासाठीं भागभांडवलाची मंडळी त्यांस स्वतः उभी करावी लागली. दार बंद झालें म्हणून जो परततो व ज्याच्या पाठीशीं हप्ता लागलेला आहे, तो पुण्यास मिळेल ती नोकरी धरील. जळगांवाकडे तो कशाच्या आशेवर येईल? टाळ्या पिटणाऱ्यांनीं अगोदर खानदेशांत एक प्रयोगशाळा काढून दाखवावी. मग आम्हीही त्यांच्या टाळ्यांत टाळी मिसळूं.

तोंवर एक लहानशी गोष्ट होण्याजोगी आहे. मुलांस परदेशीं धाडण्याचा धंदा करणारे लोक मेळाव्यांतून तेथील इमारतींचीं चित्रें दाखवितात. परवान्याचे नियम दाखवीत नाहींत. बँकेनें घराच्या कागदांवर सही घेण्यापूर्वीं वरचे दोन्ही नियम, सोडतींतील प्रमाण आणि पहिल्या हप्त्याची तारीख एका कागदावर लिहून बापापुढें ठेवावी. सहकर्जदार म्हणून आईची सही घेत असतील तर तिलाही तो कागद द्यावा, आणि तो मराठींत असावा.